भयपटात वंश आणि वर्ग: नेमकं काय बघायचं?

पडदा_वर:
चित्रपट मंडळात तीन रविवार तीन अमेरिकी भयपट दाखवायचे ठरतंय: 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८), 'कँडीमॅन' (१९९२) आणि 'गेट आउट' (२०१७). गोरे-काळे आणि गरीब-श्रीमंत याबद्दल समाज जे तोंडावर बोलत नाही ते भयपटात कसं उतरतं, हा विषय. अडचण अशी की ही चर्चा पाच मिनिटांत "भूत म्हणजे दडपलेला समाज" या वाक्याशी येते आणि मग चहा येतो. बोट ठेवून दाखवता येईल असं काय आहे? कोणते प्रसंग थांबवून पाहावेत, कुठली प्रत घ्यावी, गफलत कुठे होते? काळा माणूस आधी मरतो हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून सांगा.

कंदील:
भुताकडे बघू नका, घराकडे बघा. घर कुणाचं, किल्ली कुणाकडे, तळघरात कोण जातं आणि शेवटी प्रेत उचलायला कोण येतं? हे चार प्रश्न छापून प्रेक्षकांच्या हातात सिनेमाच्या आधी द्या. नंतर दिलेत तर लोक आठवेल तसं जुळवून सांगतात.

आता १९६८ चा सिनेमा. चालत्या प्रेतांपासून वाचायला काही माणसं एका शेतघरात अडकतात, आणि नायक बेन काळा आहे. पण त्याच्या रंगाबद्दल त्यात एक अक्षर नाही. भूमिका काळ्या नटासाठी लिहिलेलीच नव्हती. ड्वेन जोन्स या काळ्या नटाची चाचणी सगळ्यांत चांगली झाली म्हणून दिग्दर्शक रोमेरोने त्याला घेतलं. संहितेतला बेन रांगडा ट्रकचालक होता, जोन्सने त्याच्या तोंडची भाषा बदलून घेतली. तेव्हा "दिग्दर्शकाने वंशवादावर सिनेमा काढायचं ठरवलं" असं कुणी म्हणालं तर तिथेच अडवा. नट बदलला आणि तेच प्रसंग वेगळे दिसायला लागले, एवढंच घडलं, आणि ते जास्त बोलकं आहे. हॅरी कूपर हा टाय लावलेला गोरा कुटुंबप्रमुख तळघराचा हट्ट धरतो. बेन त्याला सुनावतो, खाली तू साहेब, वर मी. दोन गोऱ्यांत हे साधं भांडण झालं असतं. इथे एक काळा माणूस गोऱ्या गृहस्थाला त्याची जागा दाखवतो, गोऱ्या बाईने मारल्यावर उलट तिला मारतो आणि अखेर त्या गृहस्थाला गोळी घालतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गला सिनेमा लागला. प्रेक्षक काय डोक्यात घेऊन बसले असतील ते वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट हमखास निसटते: बेन वाचतो तो तळघरात लपूनच. म्हणजे हॅरीचं म्हणणं बरोबर होतं. नायकाच्या प्रेमात पडून हे विसरलं की चर्चा भाबडी होते.

शेवट मात्र अजिबात कापू नका. सकाळी शेरीफची टोळी, कुत्री, हेलिकॉप्टर. बेन खिडकीशी येतो आणि कपाळात गोळी. मग श्रेयनामावली दाणेदार स्थिर छायाचित्रांवर चालते: लोखंडी आकडे घेतलेली माणसं, ओढून नेलेलं प्रेत, सरण. झुंडीने काळ्यांना मारून काढलेले फोटो अमेरिकेत एकेकाळी पोस्टकार्ड म्हणून विकले जात. ही छायाचित्रं त्याच घराण्यातली आहेत. आपल्याकडे नावं सुरू झाली की कुणीतरी दिवे लावतं. त्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

प्रतीबद्दल: वितरकाने नाव बदलताना नव्या शीर्षकावर कॉपीराइटची सूचना घालायची राहिली, त्यामुळे अमेरिकेत सिनेमा कुणीही छापावा असा मुक्त झाला आणि गचाळ प्रतींचा सुळसुळाट झाला. मूळ निगेटिव्हवरून २०१६ साली दुरुस्त झालेली ९६ मिनिटांची प्रत मिळवा. रंगवलेली नको. तीस वर्षांनी नवे प्रसंग घुसडलेली तर मुळीच नको.

खालची_आळी:
कंदील यांच्याशी सहमत. एक भर: १९६८ च्या त्या सिनेमात 'झॉम्बी' हा शब्दच नाही, आपण तो मागाहून चिकटवला. शब्द आला हैतीतून, म्हणून पहिल्या रविवारी आधी 'व्हाइट झॉम्बी'मधला (१९३२) साखर कारखान्याचा प्रसंग दाखवा. पाच मिनिटांचंही काम नाही.

हैतीत गुलामांनी लढून १८०४ साली स्वातंत्र्य मिळवलं. त्यांच्या लोककथेत झॉम्बी चावेल ही भीती नाही, आपणच झॉम्बी होऊ ही आहे. मरण आलं की तरी मालकाच्या शेतातून सुटका व्हावी, तर तीही नाही. अमेरिकेने १९१५ ते १९३४ हैती ताब्यात ठेवली आणि त्याच काळात ही कथा हॉलिवुडला पोचली. त्या प्रसंगात गुऱ्हाळाच्या चरकाला बैलांऐवजी माणसं जुंपली आहेत. एक जण वरून यंत्रात पडतो, पण कुणी मान वळवत नाही आणि चाक थांबत नाही. हे कामगार जास्त तासांची कुरकुर करत नाहीत, असं मालक मोठ्या कौतुकाने पाहुण्याला सांगतो. पाहुणा शहारतो, पण सिनेमाची खरी काळजी पुढे आहे: एक गोरी नवरी झॉम्बी होते. नावातला 'व्हाइट' तिथे लागू पडतो. काळ्यांचं तसं होणं हे नेपथ्य, गोरीचं होणं हा अनर्थ. तेव्हाची वृत्ती पोस्टरवरच लिहिलेली आहे.

भिंतीपलीकडे:
'कँडीमॅन'बद्दल सावध राहा. मूळ कथा क्लाइव्ह बार्करची, लिव्हरपूलच्या गरीब वस्तीतली, आणि तिथलं भूत, म्हणजे कँडीमॅन, काळं नाही. दिग्दर्शक बर्नार्ड रोझने ती शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत नेली आणि वर्गाच्या गोष्टीची वंशाची गोष्ट झाली. चर्चेत हे आधी मांडलंत तर दोन धागे वेगळे धरता येतात.

थांबवायचा प्रसंग: नायिका हेलन स्वतःच्या महागड्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरातलं औषधांचं आरशाचं कपाट काढते आणि पलीकडे दुसऱ्या घराचं कपाट दिसतं. तिची इमारतही मुळात सरकारी वसाहत म्हणूनच बांधलेली, मग गिलावा करून श्रीमंतांना विकलेली. नकाशा तोच. फरक इतकाच की कॅब्रिनीला हमरस्ता आणि उन्नत रेल्वे यांनी श्रीमंत भागापासून तोडलेलं आहे, हिच्या इमारतीच्या आड तसं काही नाही. ही कल्पना हवेतली नव्हे. शिकागोच्याच दुसऱ्या एका सरकारी वसाहतीत १९८७ साली मारेकरी अशाच कपाटाच्या भोकातून शिरले होते.

दुसरा प्रसंग: वस्तीतले लोक मरतात तेव्हा पोलीस ढिम्म, हेलनवर हल्ला झाल्यावर अख्खा परिसर बंद. हे हेलनच बोलून दाखवते.

माझा आक्षेप शेवटाबद्दल नाही, मधल्या तासाबद्दल आहे. गोऱ्या बाईवरच्या प्रेमापायी ज्याचा हात कापून, मधमाश्या सोडून जीव घेतला, त्या काळ्या चित्रकाराचं भूत सूड घेतं कुणावर? आपल्याच गरीब वस्तीवर. आणि पाठलाग पुन्हा गोऱ्या बाईचा. सिनेमा व्यवस्थेवर बोट ठेवतो आणि त्याच वेळी जुनी भीती विकतोही. दोन्ही खरं आहे, एक बाजू निवडायला लावू नका.

कंदील:
मधल्या तासाचा मुद्दा मान्य. फक्त २०२१ चा 'कँडीमॅन' शेजारी ठेवा. तोवर कॅब्रिनीचे मनोरे पाडून झालेले (शेवटचा २०११ ला) आणि तिथे आता कलादालनांत वावरणारे लोक राहतात. भूत तेच, घरमालक बदलले.

साखरचमचा:
'गेट आउट' सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून चर्चा सगळ्यांत उथळ याच्यावर होते. गोष्ट थोडक्यात: काळा क्रिस गोरी मैत्रीण रोझ हिच्या घरी जातो, आणि तिथे काळ्यांना पकडून त्यांच्या शरीरात श्रीमंत गोऱ्यांचे मेंदू बसवले जातात. वस्तूंवर रेटा. संमोहनाला चहाचा कप आणि त्यावर वाजणारा चांदीचा चमचा. शरीर विकायचा लिलाव बिंगोच्या कार्डांवर, एक शब्द न उच्चारता. गुलामांच्या बाजारात निदान बोली मोठ्याने लागत असे. क्रिस वाचतो तो खुर्चीतला कापूस उपसून कानात कोंबल्यामुळे (चमचा ऐकू येत नाही), आणि काळ्या माणसाने कापूस वेचणं म्हणजे काय ते अमेरिकेत समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे लागेल, विदर्भातले प्रेक्षक सोडून.

सुरुवातीला वाटेत पोलीस क्रिसचं ओळखपत्र मागतो आणि रोझ भांडून ते देऊ देत नाही. पहिल्यांदा पाहताना ती बाणेदार वाटते. दुसऱ्यांदा कळतं की तो इथे आल्याची सरकारदरबारी नोंदच होऊ नये यासाठी हे भांडण होतं. हा प्रसंग शेवटी परत लावा.

इथले खलनायक झेंडे नाचवणारे वंशद्वेष्टे नाहीत. ओबामाला तिसऱ्यांदा मत दिलं असतं म्हणणारे सुशिक्षित श्रीमंत आहेत. काळ्यांचा तिरस्कार नाही, हाव आहे. तोंड, डोळे, दंड सगळं हवं, माणूस तेवढा नको.

शेवट दोन आहेत. चित्रित झालेल्या पहिल्या शेवटात खरे पोलीस येतात आणि क्रिस तुरुंगात जातो. दिग्दर्शक जॉर्डन पीलने तो बदलला. प्रदर्शित आवृत्तीत निळे-लाल दिवे दिसले की थिएटरचा श्वास अडकतो आणि गाडीतून उतरतो क्रिसचा मित्र रॉड. दोन्ही लागोपाठ दाखवा आणि विचारा: पोलिसांची गाडी दिसल्यावर सुटकेऐवजी धास्ती कधीपासून वाटायला लागली? १९६८ च्या शेरीफशी सांधा आपोआप जुळतो.

पडदा_वर:
भरपूर मिळालं, आभार. एक शंका: कुणीतरी "म्हणजे आपल्याकडची जातच" म्हणणार हे नक्की. तेव्हा काय करावं?

खालची_आळी:
आधी शब्द सांभाळा. फलकावर 'वर्ण' लिहिलंत की अर्धी सभा चातुर्वर्ण्यावर जाईल. 'वंश' लिहा. संबंध आहेच, १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच. पण भयपटाचं तंत्र वेगळं पडतं. रंग पहिल्या फ्रेममध्ये दिसतो, 'गेट आउट'ची सगळी मेजवानी त्या दिसण्यावर उभी आहे. जात आडनाव विचारून, पाण्याच्या भांड्यावरून कळते, तिला कॅमेऱ्यापेक्षा संवाद लागतात. तुलनेला 'तुंबाड' (२०१८) घ्या, तेही वर्गापुरतं: १९१८ ते १९४७, 'सरकार' म्हणवणाऱ्या जमीनदारांचा वाडा, खजिन्याच्या लोभाने खाली उतरणारी माणसं, आणि स्वातंत्र्यानंतर वाडा सरकारजमा होणार म्हणून शेवटची घाई. कंदील यांचे चारही प्रश्न तिथे जसेच्या तसे चालतात. मात्र चौथा रविवार काढा. तिसऱ्या रविवारच्या शेपटाला लावलात तर 'गेट आउट'चे दोन शेवट दाखवायला वेळ उरणार नाही.