मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन मध्य वेल्स, मुक्काम कुठे करावा?

अजिंक्यतारा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी साताऱ्याहून आईबाबा आमच्याकडे बर्मिंगहॅमला येतायत. लंडन त्यांनी मागच्या खेपेला बघितलं, आता गर्दीत जायची दोघांचीही इच्छा नाही. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, नोकरीतली बरीच वर्षं भंडारदऱ्याला काढली. आमच्या नळाला येणारं पाणी वेल्समधल्या एलन व्हॅलीच्या धरणांतून येतं, हे फोनवर सांगितल्यापासून त्यांचं एकच चाललंय: "धरण दगडी आहे का काँक्रीटचं? वाटेत पंप किती?" तेव्हा धरणं दाखवायची हे पक्कं. शुक्रवारी दुपारी निघून सोमवारी संध्याकाळी परत यायचं आहे.

आता अडचणी. आईचे गुडघे दुखतात. सपाटीला हळूहळू चालते, पण चढ आणि पायऱ्या नकोत. ती शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. लेक चौदा वर्षांची, तिला पेन अ व्हॅन या शिखरावर चढायचंय. आणि नवऱ्याने केलेल्या यादीत एलन व्हॅली, ब्रेकन, हे-ऑन-वाय, ॲबरिस्टविथ आणि शिवाय स्नोडन असं सगळं आहे. आईबाबांना नुसतं गाडीत बसवून पळवायचं माझ्या जिवावर आलंय. त्यांनी निवांत बसून डोंगर बघावेत, मेंढ्या बघाव्यात, एवढंच मला हवंय.

मुक्काम रायडरला करावा की ब्रेकनला? गाडी मीच चालवणार आहे, तिकडचे अरुंद रस्ते कितपत अवघड आहेत? आणि आईला फार न चालवता काय काय दाखवता येईल?

कार्डिफकर

ताई, स्नोडन आत्ताच काढून टाका. नकाशावर जवळ दिसतं, पण वेल्समध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारे रस्ते डोंगराला वळसे घालत जातात, आख्खा दिवस त्यात जाईल. स्नोडनसाठी वेगळी सहल करा.

मुक्काम रायडर. गाव छोटं आहे, मधोमध घड्याळाचा मनोरा आणि चारी दिशांना चार रस्ते. एलनची धरणं तिथून अगदी जवळ. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घ्या आणि घरून कुकर, डाळ-तांदूळ, मसाल्याचा डबा न्या. गावातल्या पबमध्ये दुपारचं जेवण लवकर आवरतं आणि मग संध्याकाळपर्यंत चूल बंद. म्हातारी माणसं भुकेली राहतात, हे मी माझ्या सासऱ्यांच्या वेळी बघितलंय.

बाहेर खाताना आईंसाठी नीट विचारून घ्या. वेल्श केकच्या पारंपरिक कृतीत अंडं असतं आणि बरेचदा डुकराची चरबीही. ग्लॅमॉर्गन सॉसेज नाव मांसाचं असलं तरी चीज आणि लीकचं असतं, पण त्यातही बहुधा अंडं घालतात. भाजलेला बटाटा आणि चीज हे सगळीकडे मिळतं.

धरणवेडा

बाबांच्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडून. एलन नदीवरची जुनी धरणं दगडी. काम १८९३ ला सुरू झालं आणि १९०४ मध्ये सातव्या एडवर्डच्या हस्ते उद्घाटन. पंप एकही नाही! फोएल मनोऱ्यातून आत घेतलेलं पाणी ११८ किलोमीटरच्या कालव्या-बोगद्यांतून नुसत्या उतारावर बर्मिंगहॅमच्या फ्रँकलीपर्यंत जातं. एवढ्या अंतरात उतार सगळा मिळून ५२ मीटर. पाण्याला पोचायला दीड दिवस लागतो. बाबांना हे त्या मनोऱ्यासमोर उभं करून सांगा.

मनोऱ्याजवळच गॅरेग दीचा कमानींचा पूल आहे. त्या पुलाखाली एक धरण पाण्यात बुडालेलं आहे. खालच्या काबन कोख धरणाची पातळी उतरली तरी मनोऱ्यापाशी पाणी पुरेसं उंच राहावं, म्हणून ती भिंत. पूल बघून लोक फोटो काढतात आणि पुढे जातात, खाली काय आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं. तुमच्या बाबांना मात्र तिथेच तासभर लागेल.

सगळ्यात वरचं क्रेग गोख माझं लाडकं. भिंत बाकदार आणि माथ्यावरून कमानींचा रस्ता. पाऊस भरपूर झाला असेल तर सांडव्यावरून पाण्याचा पांढरा पडदा उतरतो आणि काठावर उभं राहिलं की चष्म्यावर तुषार येतात. शेजारच्या खोऱ्यातलं क्लायरवेन हे १९५२ चं, काँक्रीटचं, पण बाकीच्यांशी मेळ बसावा म्हणून वरून घडीव दगड लावलेला. बाबांना आधी न सांगता ओळखायला लावा.

आणखी एक. काबन कोखजवळच्या एका ओढ्यावर नँट-अ-ग्रोचा फुटका बंधारा आहे. १९४२ मध्ये जर्मन धरणं फोडायच्या बॉम्बची तयारी चालू असताना स्फोटाचे प्रयोग इथे झाले. पुढच्याच वर्षी म्योने आणि एडर ही धरणं फुटली. तिथवर चढ आहे, तेव्हा आईंना नको.

कोयनाकाठ

धरणवेडा यांनी छान लिहिलंय, पण एक गोष्ट राहिली. या पाण्याखाली घरं, शाळा, चर्च गेलं, शंभरेक माणसं उठवली. भरपाई मिळाली ती जमीनमालकांना, कुळांना काही नाही. बुडालेल्या चर्चच्या बदल्यात बांधलेलं नँटगुइल्टचं छोटं चर्च गॅरेग दीच्या पुलापाशी आहे, तिथे जरूर थांबा. आमचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं, म्हणून मला ते धरणांइतकंच महत्त्वाचं वाटतं. बाबांनी खात्यात असताना हे सगळं जवळून बघितलं असणार, त्यांना बोलतं करा. तुमच्या लेकीने ते ऐकायला हवं.

लेस्टरची मावशी

आईंसाठी लिहिते, कारण माझेही गुडघे तसेच आहेत.

एलनचं माहिती केंद्र काबन कोखच्या पायथ्याशी आहे. तिथे गाडी लावली की धरणाच्या भिंतीपर्यंत थोडंच चालायचं, बसायला बाकं आहेत, चहा मिळतो. बाकी धरणं गाडीतूनही दिसतात.

दुसरं, रायडरजवळ गिग्रिन फार्मवर लाल घारींना खाऊ घालतात, हिवाळ्यात दुपारी दोनला, उन्हाळी वेळेत तीनला. सप्टेंबरात तीनच. झोपडीसारख्या आडोशात बसून बघायचं, चालणं जवळजवळ नाही. आधी घिरट्या घालणाऱ्या दोन-चारच दिसतात. ट्रॅक्टर मांस टाकून गेला की आभाळ भरून जातं. आपल्या घारीपेक्षा रंग तांबूस, शेपटी खोल दुभंगलेली, आणि जमिनीला न टेकता तुकडा उचलून हवेतच खातात. एके काळी ब्रिटनभरातून मारून संपवलेल्या या घारींची मूठभर जोडपी मध्य वेल्समध्ये टिकली, म्हणून त्या आज इथे आहेत. आईंना मांस बघवणार नसेल तर नजर वर ठेवायला सांगा. जागा आधी राखून ठेवा.

डेव्हिल्स ब्रिजच्या धबधब्याला उतरायला उभ्या पायऱ्या आहेत, आईंना तिथे नेऊ नका. त्याऐवजी ॲबरिस्टविथहून तिथे जाणारी व्हेल ऑफ रायडॉलची वाफेची गाडी घ्या. १९०२ ची अरुंद रूळगाडी, एका बाजूला तासभर. दरीकडची खिडकी धरा. वेळापत्रक रोज सारखं नसतं, निघायच्या आधी तपासा.

कार्डिफकर

रस्त्यांबद्दल राहिलंच. गावाबाहेरच्या एकेरी रस्त्यांवर दोन्हीकडे उंच कुंपणझाडी असते, समोरून गाडी आली की ज्याच्या मागे बगलेची जागा जवळ असेल त्याने मागे घ्यायची. तेवढा रिव्हर्सचा सराव असू द्या. ट्रॅक्टरला नेहमी वाट द्या. मेंढ्या रस्त्यातच बसतात, हॉर्न वाजवू नका, थांबा, त्या उठतात. सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे, काही ठिकाणी पुन्हा ३० केलीय, म्हणून पाट्या वाचत चला. फोनला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या. सुरुवातीला तुम्हाला भीती वाटेल, पण एकदा धरणांच्या बाजूला गाडी हिंडवली की हात बसतो.

पेन अ व्हॅन ८८६ मीटर. वाट चांगली बांधलेली आहे, पण वर वारा आणि ढग अचानक येतात. रेनकोट, गरम कपडे हवेतच. बापलेक वर जातील तेव्हा तुम्ही तिघं ब्रेकनमधल्या कालव्याकाठी बसा, ती वाट सपाट आहे.

अजिंक्यतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. कोयनाकाठ, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलत होते, कधी न सांगितलेल्या गावांची नावं घेत होते.

स्नोडन रद्द, रायडरला कॉटेज ठरवलं. शनिवारी धरणं आणि घारी, रविवारी पेन अ व्हॅन. आता सोमवारी परतताना हे-ऑन-वाय घ्यावं की वेल्शपूलचा पोविस कॅसल, एवढंच ठरत नाहीये. आई भिलारला जाऊन आलीय, म्हणून तिला हे-ऑन-वाय बघायची फार हौस आहे. बाबांना पोविसमधल्या टिपू सुलतानच्या वस्तू बघायच्यात.

लेस्टरची मावशी

हे-ऑन-वाय. भिलारला पुस्तकांचं गाव वसवायची कल्पना याच गावावरून आली, आईंनी मूळ गाव बघायलाच हवं. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर पुस्तकांची कपाटं आहेत, दुकानदार नाही, पैसे पेटीत टाकायचे. गावात थोडा चढ आहे, गाडी आईंना वरच्या बाजूला सोडेल असं बघा.

धरणवेडा

टिपूचा छापील कापडाचा तंबू आणि क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून नेलेल्या इतर वस्तू पोविसमध्ये आहेत. आपल्या माणसांनी त्या बघायलाच हव्यात, माझं ठाम मत आहे. पण हे-ऑन-वाय आणि पोविस विरुद्ध दिशांना आहेत, एका दिवसात दोन्ही नकोत. पोविस बर्मिंगहॅमहून श्रूजबरीमार्गे एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, पुढच्या एखाद्या रविवारी बाबांना घेऊन जा. तंबू प्रकाशाने खराब होऊ नये म्हणून जपावा लागतो, त्यामुळे निघण्याआधी तो मांडलेला आहे का हे फोन करून विचारा.