‘मोरुंग’ला मराठीत काय म्हणावं?

रानवाट: नागालँडमधल्या कोन्याक नागांवरचा एक लेख मराठीत करतेय आणि ‘मोरुंग’पाशी अडलेय. मुलगा कळता झाला की रात्री झोपायला तिथे जायचा. शिकार, लढाई, गाणी, गावच्या रीती थोरांकडून तिथेच शिकायचा. मी ‘युवागृह’ लिहिलं, संपादकांना ते वसतिगृह वाटतंय. ‘गोटूल’ चालेल?

जुनी_वही: चालेल की! गडचिरोलीमुळे तो शब्द आपल्याकडे माहितीचा आहे. तळटीप टाळता आली तर बरंच.

पर्लकोटा: नको हो ताई. मी भामरागडकडे नोकरी केली आहे. तिथे गोटूल म्हणजे गावाची बसायची जागा, बैठका तिथेच, पाहुणा उतरतो तोही तिथेच. बस्तरच्या मुरिया गोंडांचं गोटूल निराळं, त्यात मुलंमुली दोघंही. मोरुंग फक्त मुलग्यांचं. तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबू नका.

घाटमाथा: ‘मोरुंग’च ठेवा. हॉर्नबिल महोत्सवात कोहिमाजवळ किसामाला बघितलंय. खांबांवर कोरलेले वाघ, धनेश. शेजारी अख्खं खोड पोखरून केलेला ढोल, दोन्ही बाजूंना माणसं रांगेत उभी राहून तालात दांडकी मारतात. ‘युवागृह’ म्हटल्यावर यातलं काय डोळ्यांपुढे येतं?

जुनी_वही: चामडं नाही तर ढोल कसा?

घाटमाथा: मग काय म्हणू? नगाऱ्यालाही चामडं असतंच.

मूळरूप: ‘मोरुंग’ तरी त्यांचा कुठे? तो ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लिखाणातून रुळला. कोन्याक ‘बान’ म्हणतात, अंगामी नागा ‘किचुकी’. लेख कोन्याकांचा आहे, तर ‘बान’ लिहा.

रानवाट: पण आता तेही मोरुंग म्हणतातच ना? दिमापूरहून ‘मोरुंग एक्सप्रेस’ नावाचं दैनिक निघतं.

मूळरूप: रुळला म्हणून आपला होत नाही.

पर्लकोटा: असं कसं? ‘नागा’ हे नावही बाहेरच्यांनीच दिलेलं. आओ, लोथा, सुमी, अंगामी यांच्या भाषा इतक्या वेगळ्या की एकाचं दुसऱ्याला कळत नाही. तरी १९१८ साली कोहिमात नागा क्लब निघाला आणि १९२९ साली सायमन कमिशनला निवेदन दिलं ते नागा म्हणूनच. ज्या नावाने माणसं एकत्र आली ते परकं कसं म्हणायचं?

तळटीप: मी तर ‘नागांवरचा’ इथेच थबकलो. ‘नाग’ आणि ‘नागा’, दोन्हींचं ‘नागांवर’च होतं. ‘नागांचा इतिहास’ वाचून नागपूरकराला नागवंश आठवेल. ‘नागा लोकांवरचा’ लिहा.

जुनी_वही: मूळ एकच असणार. नग्न, नागवा, नागा.

मूळरूप: ती ऐकीव व्युत्पत्ती आहे. बर्मी भाषेतल्या ‘कान टोचलेले’ अशा अर्थाच्या शब्दाशीही तो जोडतात.

जुनी_वही: आणि नागा साधू?

पर्लकोटा: त्यांचा इथे काहीही संबंध नाही. कृपा करून तो घोळ नको. ईशान्येतल्या मुलांना पुण्यात याच प्रश्नाला रोज तोंड द्यावं लागतं.

रानवाट: ‘बान’ की ‘मोरुंग’, तेवढं सांगा कुणीतरी. मजकूर सोमवारी द्यायचाय.

तळटीप: आधी ‘नागांवरचा’ बदला.