मदत हवी आहे: बर्निना रेल्वेने एक दिवस, नवऱ्याला फक्त गाडीत बसायचंय आणि मला उतरायचंय

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघं लेकीकडे झुरिकला जातोय. तिला सुट्टी नाही, त्यामुळे आल्प्समधला एक दिवस आमचा आम्हीच काढायचा आहे. युंगफ्राऊ मागच्या खेपेला झालं, तेव्हा या वेळी बर्निना, म्हणजे स्वित्झर्लंडमधून डोंगर ओलांडून इटलीत उतरणारी रेल्वे. इथपर्यंत एकमत आहे.

पुढे सगळी बोंब. नवरा रेल्वेवेडा. बोरघाटात ३७ मीटरला एक मीटर चढ, आणि तेवढ्यासाठी कर्जतला मागून इंजिनं लावावी लागतात. ही गाडी १४ मीटरला एक मीटर चढते, तेही दातेरी रुळाशिवाय, मीटर गेजवर. हे मला हल्ली रोज चहाबरोबर ऐकायला मिळतं. त्याचा बेत असा: सकाळी झुरिकहून निघायचं, कूरला बर्निना एक्सप्रेस पकडायची, इटलीतल्या तिरानोपर्यंत जायचं आणि रात्री झुरिकला परत. वाटेत कुठेही उतरायचं नाही, कारण उतरलं तर 'सलग प्रवास तुटतो' म्हणे!

मी हिशेब केला. झुरिक ते कूर सव्वा तास, कूर ते तिरानो चार तासांच्या वर, आणि तेवढंच परत. म्हणजे पूर्ण दिवस काचेआडून डोंगर बघायचे. मला निदान एका तळ्याकाठी चालायचंय आणि एखाद्या गावच्या चौकात निवांत कॉफी प्यायची आहे. गुडघे बरे आहेत, पण मोठी चढण नको.

जाणकारांनी सांगा: एक्सप्रेसच घ्यावी की साधी गाडी चालेल? उतरावं तर कुठे? तिरानोपर्यंत जाण्यात अर्थ आहे का? दोघंही शाकाहारी आहोत (अंडं चालतं), तर जेवणाचं काय? आणि इतक्या उंचीवर दम लागतो का?

—

घाटवेडा:
ताई, दादांचं काही चुकत नाहीये, पण तुमचं जास्त बरोबर आहे. 🙂

पहिली गोष्ट, एक्सप्रेस विसरा. त्याच रुळांवरून दर तासाला साधी गाडी जाते. तिला आरक्षण लागत नाही, कुठेही उतरून पुढची पकडता येते, आणि बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात. एक्सप्रेसच्या काचा मोठ्या असल्या तरी बंद. फोटोत समोरच्या काकांचं टक्कल आणि स्वतःचा मोबाइल उमटतो. शिवाय स्विस ट्रॅव्हल पास तिरानोपर्यंत चालतो, पण एक्सप्रेसच्या जागेचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

दुसरी गोष्ट, झुरिकहून एका दिवसात जाऊन येऊ नका. आदल्या दुपारी निघून वाटेतल्या पोंट्रेसिना गावी मुक्काम करा. म्हणजे कूरनंतरचा, पोंट्रेसिनाच्या अलीकडचा आल्बुला मार्ग आदल्या दिवशीच उजेडात बघून होईल (बर्निना मार्ग पोंट्रेसिनाच्या पुढचा). लांडवासरचा पूल त्याच मार्गावर आहे: ६५ मीटर उंच, वळणदार, आणि संपतो तो थेट कड्यातल्या बोगद्यात. दादांना त्या दिवशी अजिबात उतरवू नका, पोटभर बघू द्या. त्या बदल्यात दुसरा दिवस तुमचा.

पोंट्रेसिनाला दादांसाठी आणखी एक गंमत आहे. आल्बुला मार्ग ११ हजार व्होल्ट एसीवर चालतो आणि बर्निना मार्ग एक हजार व्होल्ट डीसीवर. पूर्वी इगतपुरीला असाच डीसी-एसी बदल व्हायचा म्हणून इंजिन बदलायचे ते त्यांना आठवत असेलच. इथल्या नव्या गाड्या दोन्हींवर चालतात.

—

डोंगरमाथा:
उतरायची जागा सांगते. ओस्पिझिओ बेर्निना हे या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन, २,२५३ मीटर. समोरच लागो बियांको, म्हणजे पांढरं तळं. हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे पाणी दुधट दिसतं, आणि शेजारचं छोटं लेय नायर मात्र काळसर. दोन्ही तळ्यांच्या मधून पाणलोटाची सीमा जाते. काळ्या तळ्याचं पाणी इन आणि डॅन्यूब नद्यांमार्गे काळ्या समुद्रात, पांढऱ्याचं पो नदीतून एड्रियाटिकमध्ये. मी तिथे उभी राहून बराच वेळ उगाच इकडे-तिकडे बघत होते.

तिथून तळ्याच्या कडेने पुढच्या आल्प ग्रुम स्टेशनपर्यंत चालत जा. साधारण तास-सव्वा तास, बहुतेक सपाट किंवा हलका उतार. आल्प ग्रुमला मोटाररस्ताच नाही, एक तर गाडीने यायचं नाहीतर पायी. स्टेशनच्या इमारतीतच उपाहारगृह आहे आणि समोर पालू हिमनदी. ऑक्टोबरात बर्फ पडू शकतो, तेव्हा सकाळी हवामान बघा. रस्ता पांढरा दिसला तर गाडीतच बसा.

उंचीचं म्हणाल तर कळसूबाईच्या वर आणखी सहाशे मीटर. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, फक्त पहिली दहा मिनिटं सावकाश चाला. वारा मात्र बोचरा असतो, कानटोपी न्या. पोंट्रेसिना सोडल्यावर दोघंही उजवीकडे बसा.

—

खवय्या:
जेवायला पोस्कियाव्होला उतरा. आल्प ग्रुमहून गाडी हजारभर मीटर खाली येते आणि अचानक भाषा, घरं, वास, सगळं इटालियन होतं. अजून स्वित्झर्लंडच, बरं का. तुम्हाला हवा तो चौक इथेच आहे. गावाच्या एका टोकाला रंगीत हवेल्यांची रांग आहे. परदेशी जाऊन मिठाईच्या धंद्यात पैसा कमावलेल्या इथल्याच लोकांनी परत येऊन त्या एकोणिसाव्या शतकात बांधल्या.

पिझोक्केरी मागवा: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, भरपूर लोणी आणि चीज. मांस नसतंच. एका ताटलीत दोघांचं भागतं. चीजमधलं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध गोठवणारं द्रव्य) चालत नसेल तर आधी विचारा.

—

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. पोंट्रेसिनाचं घरात मान्य झालं, इगतपुरीचा मुद्दा कामी आला. फक्त आता नवऱ्याचं म्हणणं, ब्रुसिओचा गोल पूल बघितल्याशिवाय परत फिरणार नाही. तो पोस्कियाव्होच्या पुढे आहे ना?

—

घाटवेडा:
हो, पुढेच. चढ शंभर मीटरला सात मीटरच्या आत राहावा म्हणून गाडीला पूर्ण गोल फिरवून स्वतःच्याच मार्गाखालून काढली आहे. गाडीत बसून तो नीट कळत नाही, खाली उभं राहून गाडी जाताना बघावी लागते. तेव्हा जेवण झालं की तुम्ही कॉफी घेत बसा आणि दादांना एकटं पाठवा. ब्रुसिओ स्टेशनवर उतरून उताराने थोडं चाललं की पूल येतो. वरून येणारी एक गाडी आणि खालून येणारी एक बघून तासा-दोन तासांत परत येतील. तिरानो या वेळी सोडा, ते मिलानला जाताना करा. फक्त त्यांना सांगा, या मार्गावर काही छोट्या स्टेशनांवर बटण दाबलं तरच गाडी थांबते.