जुन्या पुणे-मुंबई हायवेने 9 गाड्या, त्यात बाबांची राजदूत... बोरघाट उतरवावी का?

पक्या_पिंपळे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी आम्ही 9 गाड्या जुन्या हायवेने काढायचा बेत केलाय. एक्सप्रेस-वेवर टू-व्हीलर चालत नाही हे माहितीये, आणि तसंही आम्हाला जुनाच रस्ता करायचाय. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात जमायचं, मग देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, खंडाळा आणि घाट उतरून खोपोली. ग्रुपमधले दोघं म्हणतायत गेटवेपर्यंत जाऊ, फोटो काढू आणि रात्री परत येऊ.

गाड्या अशा: 2 बुलेट, 1 हिमालयन, 2 स्प्लेंडर, 1 पल्सर, 1 शाइन, मेव्हण्याची ऍक्टिव्हा, आणि नववी बाबांची राजदूत 175. खरा घोळ या नवव्या गाडीचाच आहे. बाबा 63 चे आहेत, ऐंशीच्या दशकात कापड आणायला याच गाडीवर महिन्यातून दोनदा मुंबईला जायचे, मागे गठ्ठा बांधून. मध्ये पंधराएक वर्षं गाडी पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून होती, मागच्या दिवाळीत पिस्टन-रिंग, क्लच प्लेट सगळं करून घेतलं, आता एका किकमध्ये सुरू होते (बाबांच्या एका किकमध्ये, माझ्या सात). मी सहज बेत सांगितला तर म्हणाले मी पण येतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर हेल्मेट धुऊन वाळत घातलेलं.

तर प्रश्न असे की राजदूत घाट उतरेल का आणि मुख्य म्हणजे परत चढेल का, घाटात बाईकवाल्यांनी नक्की कुठून जायचं कारण मॅप बघून डोकं फिरतंय, आणि वाटेत बघण्यासारखं काय आहे, चिक्की सोडून. अनुभवी लोकांनी सांगा ना.

कुजकट_पुणेकर

रविवारी लोणावळा. वा. बाबांना म्हणावं कापडाचा गठ्ठा सोबत घ्या, ट्रॅफिकमध्ये अंथरून झोपता येईल.

टूटी_काका

पक्या, आधी बाबांना नमस्कार सांग. माझ्याकडे येझदी रोडकिंग आहे, तीही टू-स्ट्रोक, तीन वेळा घाट केलाय, म्हणून लिहितो.

चढायची काळजी तू करतोयस, पण टू-स्ट्रोकला खरी भीती उतरताना असते. आपल्या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं ना, म्हणजे इंजिनला ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबरच. लांब उतारावर तू ऍक्सिलरेटर पूर्ण सोडलास आणि गाडी गिअरमध्ये धरलीस तर इंजिन जोरात फिरतंय पण पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही, आणि मग पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. चालत्या गाडीचं मागचं चाक लॉक झालं की माणूस कुठे जातो ते सांगत नाही. म्हणून उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून ऍक्सिलरेटरला एक पीळ द्यायचा, घर्र करून, मग सोडायचा. बाबांना हे माहीत असणार, पण पंधरा वर्षांनी हाताला आठवतंय का ते आधी एखाद्या छोट्या उतारावर बघून घे. आणि न्यूट्रल करून उतरायचं नाही, कोणीच नाही, स्प्लेंडरवाल्यांनीसुद्धा. पुढेमागे दोन्ही ड्रम ब्रेक, सारखे दाबत राहिलात तर लायनर तापतात आणि खालच्या वळणावर लिव्हर दाबला तरी गाडी थांबत नाही. टू-स्ट्रोकचं इंजिन स्वतःहून फारसं अडवत नाही, त्यामुळे सुरुवातीपासूनच स्पीड कमी ठेवायचा, वाढल्यावर कमी करायला जायचं नाही.

चढताना डबलसीट नको. मध्ये दोनदा जागा बघून थांबा, इंजिनला वारा लागू द्या. लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास आणि खोपोली पार पायथ्याला, तेव्हा साडेपाचशे मीटर चढ एका दमात होतो, एअर-कूल्ड गाडी तापणारच.

जवळ ठेवायचं सामान म्हणजे दोन प्लग आणि प्लग पाना, क्लच वायर, ऍक्सिलरेटर वायर, चेनचा लॉक, पॉइंट घासायला पॉलिश पेपर, आणि टूटी (2T, टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या) ऑइलच्या दोन बाटल्या, कारण आता पंपावर टूटी मागितलं की पोरं तोंडाकडे बघतात. गाडी पंधरा वर्षं पडून होती म्हणतोस तर पेट्रोलचा पाइप नवीन टाक, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही.

आता घाटातला रस्ता. खंडाळा संपलं की जुना हायवे आणि एक्सप्रेस-वे काही अंतर एक होतात, तेवढा पट्टा बाईकनेही त्याच रस्त्यावरून काढावा लागतो, डावी कड सोडायची नाही. अमृतांजन पूल होता त्या भागात (2020 च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमध्ये स्फोट करून पाडला तो, वाहतूक अडायची म्हणून) खोपोलीचा जुना रस्ता वेगळा होतो. खोपोलीचा बोर्ड दिसला की बाहेर पडायचं. तो चुकला की तुम्ही एक्सप्रेस-वेवर, आणि तिथे बाईकवर यू-टर्न नावाची गोष्ट नाही. त्या दिवशी पोलीस जिकडे वळवतील तिकडे वळा, हुज्जत नको.

सायली_थंपर

काकांचं सगळं बरोबर. मी ग्रुपबद्दल सांगते कारण आमचा याच रस्त्यावर फियास्को झालाय.

आम्ही सात जण होतो, ठरलं होतं कामशेतला चहा. सगळ्यात पुढे होता त्याने मॅप लावलेला पण तो कारच्या मोडवर, आणि पठ्ठ्या देहूरोडच्या पुढे त्या बाईच्या आवाजावर विश्वास ठेवून सरळ एक्सप्रेस-वेवर चढला, त्याच्या मागे दोघं, कारण पुढचा जातोय म्हणजे बरोबरच असणार. आम्ही चौघं कामशेतला तीन-तीन चहा पिऊन बसलो. ते तिघं दंड भरून, शिव्या खाऊन, दीड तासाने उगवले, आणि पुढचा वर आम्हालाच म्हणाला की तुम्ही मागे का राहिलात.

तेव्हापासून आमच्यात एकच पद्धत. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला माणूस, त्याच्या लगेच मागे सगळ्यात हळू गाडी, म्हणजे तुमच्यात राजदूत, आणि सगळ्यात शेवटी हिमालयनसारखी दमदार गाडी आणि शांत डोक्याचा माणूस, त्याच्याकडे पंक्चर किट. मधल्यांनी ओव्हरटेक करायचं नाही. आणि प्रत्येकाने आरशात फक्त आपल्या मागची एक गाडी बघायची, ती दिसेनाशी झाली तर हळू व्हायचं, मग त्याच्या पुढचा आपोआप हळू होतो. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन वगैरे ठीक, पण चालवताना बघणार कोण.

बुलेटवाल्यांना हे सहन होत नाही. त्यांना आधीच सांग की हा राजदूतचा ट्रिप आहे, ज्याला ऐंशीने जायचंय त्याने वेगळ्या रविवारी जावं. घाटात तर नक्कीच. 2023 च्या एप्रिलमध्ये शिंग्रोबाच्या देवळाजवळ ढोलताशा पथकाच्या पोरांची बस दरीत गेली ती याच जुन्या रस्त्यावर, पहाटे. मी तिथून जाते तेव्हा आपोआप हात ढिला पडतो.

गेटवे मात्र रद्द करा. पनवेलच्या पुढे नुसता सिग्नल आणि धूर, राजदूत तिथे तापेल, घाटात नाही.

मावळा_वडगाव

आमच्या गावावरून जाताय आणि विचारताय चिक्की सोडून काय. 😀

वडगावात थांबा. 1778 च्या नोव्हेंबरात इंग्रजांची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईहून निघाली, हाच बोरघाट चढून. खंडाळ्याहून तळेगावपर्यंतचं अंतर आपण तासाभरात काढतो, त्यांना पंधरवडा लागला. ट्रॅफिक नव्हता तरी. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही, आजूबाजूचं दाणापाणी तोडलं, तळेगावात पोचले तर गाव जाळलेलं आणि रिकामं. मग रात्रीतून मागे फिरले, अवजड तोफा तळ्यात टाकल्या, आणि वडगावला महादजी शिंद्यांनी गाठलं. तह इथेच झाला, 1779 च्या जानेवारीच्या मध्याला. म्हणजे तुम्ही बरोबर त्याच आठवड्यात येताय. महादजींचं स्मारक हायवेपासून लांब नाही.

आणि एक जागा बाहेरच्यांना माहीत नसते. त्या फौजेत कॅप्टन स्टुअर्ट नावाचा अधिकारी होता, 4 जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने मेला. झाडावर चढून मराठ्यांच्या फौजेचा अंदाज घेत होता असं सांगतात. शत्रू असून मराठ्यांनी त्याला फाकडा म्हटलं, इष्टूर फाकडा, आणि त्याची समाधी वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. आत जाऊन आधी विचारा, नऊ जण हेल्मेट घालून एकदम घुसू नका.

अजून एक. इथे नेहमी कोणीतरी लिहितं की बोरघाट ब्रिटिशांनी शोधला. गाडीचा पक्का रस्ता 1830 चा, गव्हर्नर माल्कमच्या काळातला, हे खरं. पण कार्ल्याचं चैत्यगृह बघा, भाजे बघा, दोन हजार वर्षांपूर्वीची कामं, आणि कार्ल्याच्या खांबांवर-भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत त्यात यवन (म्हणजे ग्रीक) आहेत, पार वैजयंतीचा म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा एक श्रेष्ठी, म्हणजे व्यापारी आहे. हे लोक डोंगरात हवा खायला आले नव्हते, घाटाने बंदराकडे माल जायचा म्हणून आले होते. पक्याच्या बाबांचा कापडाचा गठ्ठा त्याच रांगेतला. पण एका दिवसात कार्ला, भाजे दोन्ही करू नका, पायऱ्या चढून पाय भरले की घाटात ब्रेकवर पाय नीट पडत नाही. एक निवडा.

कुजकट_पुणेकर

मावळा, लेख चांगला. परीक्षा कधी आहे?

मावळा_वडगाव

तुमची तोंडी घेऊ, या वडगावला.

पक्या_पिंपळे

सगळ्यांचे खूप आभार, काल जाऊन आलो म्हणून सविस्तर लिहितो. कुजकट साहेबांचा मान राखून रविवार बदलून शनिवार केला, त्यामुळे दोघांना सुट्टी मिळाली नाही, 7 गाड्या गेल्या. गेटवे रद्द, खोपोलीहून परत.

पाच वाजता निगडीला जमलो, थंडी अशी की बाबांनी जॅकेटच्या आत पेपर घातलेला, म्हणाले तेव्हाही असंच करायचो. सायलीताईंच्या पद्धतीने राजदूत दुसऱ्या नंबरला. सोमाटण्यापर्यंत बुलेटवाला मागून सारखा हॉर्न देत होता, नंतर त्याला कळलं की पंचेचाळीसने गेलं की दोन्ही बाजूला शेतं दिसतात, मग गप्प झाला.

वडगावला राजदूत बंद पडली. प्लग काळाकुट्ट, मीच भीतीपोटी ऑइल जास्त टाकलेलं. बाबांनी मला बाजूला केलं, प्लग काढला, दाताखाली धरला, खिशातून काड्यापेटी काढून काडीने पुसला आणि परत लावला, टूटी काकांनी सांगितलेले दोन नवीन प्लग माझ्या हातात तसेच. तोवर बाकीचे इष्टूर फाकड्याची समाधी बघून आले, ड्युटीवरच्या हवालदारांनी स्वतः दाखवली म्हणे. माझी राहिली.

घाटात बाबांना काही सांगायची गरज पडली नाही. मी त्यांच्या मागेच होतो, दर थोड्या वेळाने घर्र, घर्र, बरोबर टायमिंगला. खोपोलीचा बोर्ड मी जवळपास चुकवलाच होता, त्यांनी मात्र हात दाखवून आधीच वळवली.

शिंग्रोबाच्या देवळापाशी ते न विचारता थांबले. शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना रेल्वेसाठी वाट दाखवली आणि त्यांनी त्यालाच मारलं, ही गोष्ट लहानपणी एसटीतून जाताना ऐकलेली, तेव्हा सगळी बस खिडकीतून नाणी टाकायची. बाबांनी खिशात हात घातला तर सुटे नाहीत. सगळ्यांनी खिसे चाचपले, सगळ्यांकडे फोन. शेवटी मेव्हण्याच्या ऍक्टिव्हाच्या डिक्कीत पार्किंगसाठी ठेवलेलं पाचाचं नाणं सापडलं, ते टाकलं आणि मग पुढे.

खोपोलीत वडापाव, प्रत्येकी तीन. चढताना दोनदा थांबलो, दुसऱ्या वेळी इंजिनवर हात धरवत नव्हता पण गाडी आली वर. लोणावळ्यात दुपारी दोनला पोचलो तेव्हा समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग वलवणच्या पुढे गेलेली, आम्ही उलट्या दिशेने आरामात.

टूटी_काका

काडीने प्लग पुसला म्हणजे माणूस अस्सल आहे. ऑइल मोजून टाकत जा, अंदाजाने नाही. आणि राजदूत द्यायची असेल कधी तर आधी मला सांग.

पक्या_पिंपळे

काका, तुमचा मेसेज बाबांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, खाली गेले आणि गाडीला ताडपत्री घालून आले.