मदत हवी आहे: बाबांचा १८ मिमीचा मुतखडा, लघवीच्या वाटेने काढावा की पाठीतून?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहिते आहे. बाबा ६३ वर्षांचे, शुगर आहे, रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिन सुरू आहे. एसटीत ड्रायव्हर होते, मे महिन्यातल्या उन्हातही गाडी मधेच थांबवावी लागू नये म्हणून पाणी मोजून प्यायचे, त्याचंच हे झालं असं मला सारखं वाटतं. मागच्या आठवड्यात रात्री २ वाजता कमरेतून जांघेपर्यंत कळ, उलट्या, धावतपळत धंतोलीच्या हॉस्पिटलात नेलं. तो छोटा खडा होता, पडला. पण सीटीत डाव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात १८ मिमीचा दुसरा दिसला, तोही कडक, १२०० एचयू (सीटीवर खडा किती टणक ते सांगणारं माप).

एक डॉक्टर म्हणतात आरआयआरएस करा, लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण वर नेऊन लेसरने चुरा करतात, कुठे कापायचं नाही, पण खडा मोठा आणि खालच्या बाजूला म्हणून दुसरी सिटिंग लागू शकते. दुसरे म्हणतात मिनी पीसीएनएल, पाठीतून पेन्सिलीएवढं छिद्र, बहुतेक एकदाच काम होईल, मात्र रक्त जायची भीती थोडी जास्त. शॉकवेव्हला, म्हणजे बाहेरूनच धक्के देऊन खडा फोडायला, दोघंही नाही म्हणाले.

बाबा छिद्राचं नाव काढलं की "मी नाही येत बाप्पा" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपून राहतात. मला तर दोनदा भूल द्यायचीच जास्त भीती वाटते. कोणाच्या घरी असा खडा काढलाय का? आणि नंतर काही दिवस किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत नळी ठेवतात, त्या स्टेंटचा त्रास किती होतो?

प्रतिसाद:
ताई, माझ्या आईचं मिनी पीसीएनएल झालं, २१ मिमीचा होता, तिसऱ्या दिवशी घरी आली. दोन दिवस लघवी लालसर होती. छिद्राचं काही नाही वाटलं तिला, स्टेंटने मात्र पिडलं, सारखं लघवीला जायचं आणि करताना कमरेत कळ. तो काढायची तारीख कॅलेंडरवर लिहूनच ठेवा, आत राहून गेला तर त्याच्यावरच खडे धरतात. ऑपरेशनआधी युरीन कल्चर (लघवीत जंतू आहेत का ती तपासणी) झालंच पाहिजे, शुगर आहे म्हणून तर जास्तच. ॲस्पिरिन मनाने बंद करू नका, हार्टवाल्या डॉक्टरांना विचारा. नंतर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. कल्चरचं डोक्यातच नव्हतं, उद्याच विचारते. आईंचं आणि बाबांचं एकदा फोनवर बोलणं करून द्याल का? माझं नाही ऐकत, त्यांचं ऐकतील.