रस्त्यावरच्या मुलांना मदत रस्त्यावरच द्यावी का?

धागाकर्ता: रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्था बहुधा एकाच रीतीने सुरू होतात. दोन-चार माणसे ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जाऊन बसतात, मुलांच्या जखमा धुतात, अक्षरे गिरवून घेतात, खायला देतात. त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. परंतु अन्न, कपडे आणि औषध जागेवरच मिळत राहिले, तर मूल तेथून बाहेर पडण्याचा दिवस लांबत जातो, असे मला वाटते. ज्या मुलावर रात्री कोणीही हात टाकू शकतो, त्याच्यासमोर फळा मांडून आपण संध्याकाळी घरी परततो, हे मला स्वीकारता येत नाही. अशा संस्थेने आपला सगळा पैसा निवाऱ्यावर खर्च करून मुलांना तेथे हलवावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १: आपले गृहीतकच मला मान्य नाही. मुले रस्त्यावर येतात ती घरातली मारहाण, पालकांचा मृत्यू, उपासमार, युद्ध किंवा स्थलांतर यांमुळे. एका वेळच्या जेवणाने यांतले कोणतेही कारण वाढत नाही आणि ते जेवण बंद केल्याने मिटतही नाही. ज्याला घरात मोठ्या माणसाने मारले आणि बाहेर गणवेशातल्या माणसाने हुसकावले, ते मूल पहिल्या भेटीत आपले खरे नावसुद्धा सांगत नाही. कार्यकर्ता पावसातही ठरलेल्या दिवशी आला, मागच्या वेळची जखम त्याने आठवणीने पाहिली, असे पुष्कळदा घडल्यावर कधीतरी ते मूल घराविषयी बोलू लागते. आपण ज्याला फळा म्हणता, तो या भेटीचे निमित्त असतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१७ साली या मुलांविषयी काढलेल्या २१ व्या सर्वसाधारण टिप्पणीत, म्हणजे बालहक्क करार कसा पाळावा याविषयीच्या मार्गदर्शनात, त्यांना धरपकड करून उचलून नेण्याला स्पष्ट विरोध केला आहे.

धागाकर्ता: मी धरपकडीची बाजू घेतलेली नाही. मात्र १९८९ च्या बालहक्क करारातील कलम १२ मुलाच्या मताला त्याचे वय आणि समज पाहून महत्त्व द्यायला सांगते, तर कलम २० कुटुंबापासून दुरावलेल्या मुलाला विशेष संरक्षण देण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते. सोळा वर्षांच्या मुलाची वाट पाहणे मी समजू शकतो. सात वर्षांच्या मुलीचा विश्वास बसेपर्यंत तिला आणखी एक रात्र तेथे झोपू देणे मला समजत नाही.

प्रतिसाद २: मी अशाच एका छोट्या संस्थेचे हिशेब काही वर्षे पाहिले आहेत. देणगीदार दरवेळी विचारत, किती मुले हलवली? त्यांतली किती मुले पळून परत रस्त्यावर आली, हे मात्र कोणी विचारत नसे, आणि त्यामुळे आम्हीही ते आकडे नीट ठेवले नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. शिवाय पुष्कळ मुले आईवडिलांसह रस्त्यावर राहतात. केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून वेगळे करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे पर्यायी संगोपनाविषयीची, म्हणजे आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलांच्या सांभाळाविषयीची, संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्या आईला डोक्यावर छप्पर आणि मुलाला जन्मदाखला मिळवून देणे हे निवाऱ्याइतकेच मोलाचे काम आहे, जरी ते छायाचित्रात दिसत नसले तरी.

प्रतिसाद १: एकट्या लहान मुलीविषयीचा आपला मुद्दा मला मान्य आहे, तेथे त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेला कळवलेच पाहिजे. तिच्याबरोबर तिच्या ओळखीची ताई निवाऱ्यापर्यंत गेली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला भेटायलाही गेली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

धागाकर्ता: हे मला पटते. मात्र नशेसाठी व्हाइटनरसारखी रसायने हुंगणाऱ्या मुलांच्या बाबतीत माझे मत बदललेले नाही, कारण पदपथावरच्या वर्गात त्यांच्यावर वैद्यकीय उपचार होऊ शकत नाहीत. संस्थेकडे एकाच कामापुरता पैसा असेल, तर तिने आधी रात्रीही दार उघडे ठेवणारी जागा उभारावी, असे मी अजूनही म्हणेन.