नोकऱ्या आल्या, पण राहायचं कुठे?

ग्रामीण भागात उद्योग आला की घरं आपोआप उभी राहतात, असं बरेचदा म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातली टेटन काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) बघा. दरडोई उत्पन्नात अमेरिकेत सगळ्यात वर. राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणून धनिकांची रीघ. पण सुमारे ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यान, सरकारी जंगल वगैरेंची. उरलेल्या ३ टक्क्यांत कोणाची घरं होणार ते सांगायला नको. (दरडोईचा आकडा अशा ठिकाणी भलताच फसवा असतो बुवा!)

मग या काउंटीतल्या जॅक्सन गावच्या हॉटेलांत चादरी बदलणारे, शाळेत शिकवणारे असे कितीतरी जण शेजारच्या आयडाहो राज्यातल्या व्हिक्टर, ड्रिग्ज या गावांहून रोज टेटन खिंड ओलांडून येतात. ८ जून २०२४ला त्या खिंडीतल्या रस्त्याचा एक तुकडाच खचून दरीत गेला. दुसरी वाट स्वॅन व्हॅली आणि अल्पाइनवरून, म्हणजे जाताना तासाभराहून जास्त आणि येतानाही तेवढंच. तात्पुरता रस्ता २८ जूनला सुरू झाला, पण ऐन पर्यटनाच्या हंगामात जवळजवळ तीन आठवडे सगळ्यांचे हाल झालेच.

नवं बांधकाम करणाऱ्यांकडून कामगारांसाठी घरं किंवा त्याऐवजी शुल्क घ्यायचा नियम तिथे आहे, पण जमीनच नसेल तर नुसतं शुल्क घेऊन बांधणार कुठे?